जळक्या ट्रॅक्टरचे सुटे भाग : ठेवावे कीं टाकावे?

शेतकऱ्याच्या घरीं वस्तु सहसा टाकून दिली जात नाहीं. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची धांव लोहाराकडे जाते आणि तिचे विळे होतात, फाटलेल्या टायरचीं पायताणें होतात, आणि गंजलेल्या पन्हळी पत्र्याखालीं कडब्याची गंजी पावसाळा निभावून नेते. ही काटकसर आहे, कंजूषपणा नव्हे, आणि तिच्यावर आमचा कांहींहि आक्षेप नाहीं. परंतु बैलगाडीची जागा ट्रॅक्टरनें व ट्रॉलीनें घेतल्यापासून या जुन्या संवयीस एक नवा प्रश्न येऊन भिडला आहे. आगींत सांपडलेल्या वाहनाचे सुटे भाग पुन्हां वापरावे कीं वापरूं नयेत, हा तो प्रश्न होय. याचें उत्तर आज गांवोगांवीं ज्या रीतीनें दिलें जात आहे ती रीत आम्हांस घातक वाटते. तिच्यापायीं भर रस्त्यांत माणसें दगावण्याचा संभव आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आगी कशा लागतात हें वाचकांस सांगावयास नको. रब्बीची ज्वारी काढून झाली म्हणजे कडबा भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यानें डुलत चालतात. भार उंच रचलेला असतो, शिवारांतील विजेच्या तारांस झोळ पडलेला असतो, आणि तार कडब्यास घासली कीं ठिणगी पडते. वारा असला तर दोरखंड सोडण्यासहि अवकाश मिळत नाहीं. उसाच्या फडांत पेटलेल्या पाचटाची आग उभ्या ट्रॅक्टरखालीं शिरते. कित्येक वेळां बाहेरची आग नसतेच. तारेवरचें वेष्टण पत्र्यावर घासून झिजतें, उघडी तार लोखंडास टेंकते, आणि त्यांतच डिझेलचा रबरी पाईप गळका असला म्हणजे मग पाहावयास नको.

आमच्या तालुक्यांतील एका गांवीं असाच प्रसंग घडला. कडब्याची ट्रॉली तारेस लागून पेटली. चालकानें ट्रॅक्टर सोडवून घेण्याची शिकस्त केली, पण ओढ बसलेली पिन निघेना. अखेर जीव वांचवून तो बाजूस झाला. ट्रॉली तर गेलीच, शिवाय ट्रॅक्टरचा मागचा भाग होरपळला. पुढचा भाग बव्हंशीं शाबूत राहिला. ट्रॅक्टर कर्जाचा होता व हप्ते अद्याप शिल्लक होते. चौथ्या दिवशीं मालकापुढें तीन माणसें तीन सल्ले घेऊन उभीं राहिलीं. मिस्त्री म्हणाला, काजळी घासून रंग दिला कीं सर्व भाग नव्यासारखे होतील. तालुक्याच्या गांवचा दुकानदार म्हणाला, आगींतला एक बोल्टहि ठेवूं नका, सगळें नवें घाला. भंगारवाला कांहींच म्हणाला नाहीं. त्यानें वजनकांटा आणला होता. आम्ही महसूल कचेरींत कारकून असतांना जळिताचे पुष्कळ पंचनामे आमच्या हाताखालून गेले असल्यानें मालकानें आम्हांसहि विचारलें. यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. तथापि त्या निमित्तानें जाणत्या फिटरांशीं व लोहारांशीं बोलून आणि या विषयावरील छापील माहिती वाचून आमचें जें मत बनलें तें येथें मांडतों.

प्रथम मिस्त्र्याचा युक्तिवाद पाहूं. तो असा कीं, पोलाद भट्टींतच जन्मास येतें, तेव्हां आगीनें त्याचें काय बिघडणार? हें बोलणें आम्हीं चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनहि ऐकलें आहे. त्यास उत्तर गांवचा लोहारच देईल. कोयत्याची धार टिकते ती लोखंडाच्या जातीमुळें जितकी, तितकीच त्यास दिलेल्या पाण्यामुळें. लोहार पातें लाल करतो, पाण्यांत बुडवितो, मग पुन्हां हलकेच शेकून धारेवर धांवणाऱ्या रंगाकडे डोळा लावून बसतो, आणि हवा तो रंग आला कीं तेथेंच थांबवितो. तोच कोयता रात्रभर निखाऱ्यांत पडून राहिला तर सकाळीं तो नुसती कोयत्याच्या आकाराची पट्टी होऊन बसतो. धार लावली तर लागते, पण चार ऊस तोडतांच वळते. पाणी उतरलें असें आपण म्हणतों. वजन तेंच, आकार तोच, लोखंड तेंच. जें गेलें तें डोळ्यांस दिसत नाहीं.

ट्रॅक्टरमधील व ट्रॉलीमधील मोक्याचे बहुतेक भाग असे पाणी दिलेलेच असतात. बेअरिंगच्या गोळ्या व गिअरचे दांते यांस पाणी दिल्यावर कारखान्यांत सामान्यतः १५० ते २०० अंश सेंटिग्रेडच्या आसपासच शेकलेलें असतें. त्याहून अधिक आंच लागली कीं त्यांचा कठिणपणा उतरूं लागतो. एक्सल, स्टेअरिंगचे दांडे, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आंकडा असलेले बोल्ट, ट्रॉलीखालचे धक्के सोसणारे कमानपाटे, हे भाग साधारणतः ४०० ते ६०० अंशांच्या दरम्यान शेकलेले असल्यामुळें अधिक उष्णता सोसतात. पण ती मर्यादा ओलांडली कीं त्यांचेंहि पाणी उतरतें, आणि भाग थंड झाल्यावर तें आपोआप परत येत नाहीं. कडबा, टायर व डिझेल एकत्र पेटल्यावर ज्वाळेची उष्णता ७००-८०० अंशांच्याहि वर जाते. मिस्त्री ज्या भागाची काजळी घासून रंग देऊं पाहतो त्याची ही हकीकत आहे.

कोणी म्हणेल, लोहाराकडून पुन्हां पाणी देऊन घेऊं. कोयत्याचें पाणी चुकलें तर कोयता बोथटेल. एक्सलचें पोलाद कोणत्या जातीचें आहे, तें किती तापवावयाचें, तेलांत बुडवावयाचें कीं पाण्यांत, हें ठाऊक नसतां केलेलें काम एकतर त्यास मऊ ठेवील नाहीं तर कांचेसारखें ठिसूळ करील, आणि दोहोंतलें काय झालें तें ट्रॉली भरल्यावर कळेल.

मग आंच कोठवर पोंचली हें ओळखावें कसें? आमच्या मतें सर्व प्रश्नाची किल्ली येथें आहे, आणि गांवांत नेमकें याकडेच दुर्लक्ष होतें. आग सगळीकडे सारखी नसते. ती वर चढते, वाऱ्याच्या अंगास लवते, आडोशाच्या जागा वगळून जाते. एकाच ट्रॅक्टरचा डावा हात भाजून निघतो आणि उजव्या हाताचा रंगहि फुगत नाहीं. यास्तव जळालेलें वाहन धुण्यापूर्वीं, घासण्यापूर्वीं, एक बोल्टहि सोडविण्यापूर्वीं, त्याच्याभोंवतीं दोन वेळां फिरून सावकाश पाहावें. पाहावयास शिकलें तर जळालेलें वाहन स्वतःच आपल्या आंचेचा दाखला देतें. शिसें ३२७ अंशांस वितळतें. बॅटरीचे शिशाचे खुंट ओघळले असतील तर तेथें निदान तितकी आंच होती. जस्त ४१९ अंशांस वितळतें. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, आणि यंत्रांत वापरतात त्या त्याच्या ओतीव मिश्रधातू त्याच्या कांहींशा आधींच ढिल्या होऊं लागतात. तेव्हां अल्टरनेटरचें आवरण मेणासारखें खालीं आलें असेल तर त्याच्या हातभर अंतरांतील कोणत्याहि पोलादाचा भरंवसा धरूं नये. पितळेस ९०० च्या वर व तांब्यास १०८५ अंश लागतात. तांब्याच्या तारेच्या टोंकाला वितळून गोळी झाली असेल तर ती बहुधा विजेच्या ठिणगीनें झालेली असते.

पोलादाच्या उघड्या, गुळगुळीत अंगावर चढलेला रंग हाहि बोलका असतो. सुमारे २२० अंशांस तो वाळल्या गवतासारखा पिवळट होतो, २५० च्या पुढें तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. हेच ते लोहाराचे रंग. परंतु येथें एक फसगत आहे. आंच याच्याहि बरीच वर गेली तर निळा रंग नाहींसा होऊन करडी, खरबरीत पापडी धरते; तेव्हां निळेंपण नाहीं म्हणून भाग वांचला असें समजणारा मनुष्य अगदीं उलटा निष्कर्ष काढतो. पॉलिश कागदानें एकदां घासलें कीं पिवळा, निळा, करडा सर्व एकच. मिस्त्र्याची घासण्याची घाई आम्हांस आवडत नाहीं ती यासाठीं.

सर्वांत चांगला साक्षीदार मात्र रबराचा असतो. गिअरपेटीच्या, हबच्या, पंपाच्या तोंडाशीं जें तेलाचें सील असतें त्याचें सामान्य रबर १००-१२० अंशांच्या वर फार वेळ टिकत नाहीं. तें कडक होतें, तडकतें, पुढें जळून जातें. सील काढून बोटांत वांकवून पाहावें. तें मऊ असेल, त्याची कड नखानें दाबून पुन्हां उठत असेल, तर त्याच्या लगतच्या पोलादाचें पाणी उतरण्याइतकी आंच तेथें पोंचली नाहीं असें मानण्यास उत्तम आधार मिळतो. आंत तेल भरलेलें असलें म्हणजें तेंहि उष्णता पिऊन घेतें. वर सांगितलेल्या ट्रॅक्टरच्या मागील पेटीचें तेल काढलें तेव्हां तें नेहमींसारखें होतें. डाव्या बाजूचें सील मऊ निघालें, उजव्या बाजूचें कोळसा झालेलें. मालकानें आंतील गिअर ठेवले, उजव्या टोंकाचीं बेअरिंगें व तिकडचा अर्धा एक्सल टाकून दिला. दुकानदार यावर नाराज झाला व मिस्त्रीहि झाला, यावरून निर्णय फार चुकला नसावा असें आम्हांस वाटतें.

आंच किती लागली हा झाला एक प्रश्न. त्याच्या जोडीस दुसरा विचारावा लागतो : हा भाग चालतां चालतां तुटला तर काय होईल? मडगार्ड, अवजारांची पेटी, बैठकीचा सांगाडा हे तुटले तर आवाज होईल. इंजिनचा ब्लॉक तडकला तर पैसे जातील आणि नांगरट खोळंबेल. पण स्टेअरिंगचा दांडा, त्याचे सांधे, ब्रेकचे भाग, एक्सल, हब व चाकांचे बोल्ट, ट्रॉली ओढणारा हूक, त्याची पिन, ट्रॉलीची पुढची ओढदांडी, यांतला एक तुटला तर मागें आठ-दहा टनांचा भार मोकळा सुटतो. तो भार उतारावर कोणावर जाईल याचा नेम नाहीं. साखर कारखान्याच्या रस्त्यानें हंगामांत रात्रीं कोण कोण चालतें हें वाचकांनीं पाहिलेलें आहे : दुचाकीवरून परतणारें जोडपें असतें, बैलगाडीवर झोंपलेलीं तोडणीवाल्यांचीं पोरें असतात. (त्यांत पुष्कळ ट्रॉल्यांस मागें लाल दिवा नसतो, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) म्हणून या भागांपुरतें आमचें मत कडक आहे. ज्यांस आंच लागली अशी नुसती शंका आहे तो भाग वापरूं नये. आंच लागलीच नाहीं हें शाबूत रंगावरून व मऊ सीलवरून जेथें उघड दिसतें तेवढाच अपवाद. येथें संशयाचा फायदा लोखंडास न देतां रस्त्यावरच्या माणसास द्यावा.

कोणी कानशीची परीक्षा सांगतात. ती खरी आहे पण अर्धी. बेअरिंगची कडी किंवा गिअरचा दांता यावर नवी कानस घसरून गेली तर कठिणपणा शिल्लक आहे, चावली तर गेला, इतपत ठीक. परंतु एक्सल किंवा चांगला बोल्ट हा मुळांतच इतका कठिण नसतो. त्यावर कानस नव्यासहि चावते व जळक्यासहि चावते. त्याची परीक्षा रॉकवेल अथवा ब्रिनेल यंत्रावरच होते. अशीं यंत्रें औद्योगिक गांवांतील तपासणी-शाळांत व अभियांत्रिकी विद्यालयांत असतात. एखादा महागडा, सहजासहजीं न मिळणारा भाग असेल तर तो तेथें नेण्याचे श्रम घ्यावे. बोल्ट आणि पिन यांसाठीं ते घेऊं नयेत. चाकाचे सारे बोल्ट नवे घेतले तरी तो खर्च ट्रॅक्टरच्या एका हप्त्याच्या जवळपासहि जात नाहीं, आणि तेवढ्यासाठीं माणसें जुने बोल्ट वायर-ब्रशनें घासत बसतात याचें आम्हांस नवल वाटतें. बेअरिंगांचें तसेंच.

आतां दुसरी बाजू. दुकानदाराचें "सर्व टाका" हें म्हणणेंहि आम्हांस मान्य नाहीं. त्यांत सावधपणा दिसतो, पण तो परक्याच्या खिशांतला आहे. कर्जाखालच्या मनुष्यास वांचण्याजोगी वस्तु टाकावयास लावणें हेंहि नुकसानच होय. साधें लोखंड, म्हणजे ट्रॉलीचे चॅनेल, अँगल, पत्रा यांस मुळीं पाणी दिलेलेंच नसतें, तेव्हां उतरावयाचें काय? तापलें असतांना तें निःसंशय दुर्बळ होतें. साधारण ६०० अंशांस त्याचें निम्म्याहून अधिक बळ जातें, आणि म्हणूनच भाराखालीं तें वांकतें. पण सावकाश थंड झाल्यावर त्याचें बळ बहुतेक परत येतें. इमारतींतील पोलादी तुळ्यांविषयींहि जाणकारांचा अनुभव असाच आहे कीं, आगींतून जी तुळई सरळ बाहेर आली ती बहुधा पुन्हां उपयोगीं पडते. यास्तव ट्रॉलीच्या सांगाड्याची परीक्षा सुतळीनें करावी : लांबीवर सुतळी ताणून वांक पाहावा, आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत कीं नाहींत तें पाहावें. सांगाडा सरळ असेल, जोडांच्या वेल्डिंगला चीर नसेल, आणि पापडी धरून लोखंड पातळ झालें नसेल, तर तो ठेवण्यास आमची हरकत नाहीं. वरच्या ट्रॉलीचा पुढचा अर्धा सांगाडा असाच वांचला. मागचा अर्धा पाहतां क्षणींच कळत होतें. तो म्हशीच्या पाठीसारखा झाला होता.

बिडाची गोष्ट निराळी आहे. इंजिनचा ब्लॉक, गिअरपेटीचें कवच, मागील एक्सलचीं कवचें हीं बहुधा बिडाचीं असतात. बीड वितळावयास ११०० अंशांच्या वर लागतात, तेव्हां तें वितळलें नाहीं यांत नवल नाहीं. त्याचें वैर आगीशीं कमी आणि पाण्याशीं अधिक. लाल होण्याच्या बेतास आलेल्या बिडावर लोक घागरी ओततात आणि तें तडकतें. यांत लोकांस दोष देतां येत नाहीं, आग विझवावयासच हवी. परंतु पाणी कोणत्या बाजूनें पडलें हें लक्षांत ठेवून त्या बाजूस चीर आधीं शोधावी. मडकें घेतांना आपण वाजवून घेतों, तसें बिडाचें सुटें केलेलें कवच दोरीनें टांगून हातोडीनें हलके वाजवावें. अखंड बीड नाद देतें, तडकलेलें बद बोलतें. बारीक चिरेसाठीं एक जुनी युक्ति आहे, जी पूर्वीं रेल्वेच्या कारखान्यांत एक्सल तपासण्यासाठीं वापरीत. भाग स्वच्छ करून त्यास रॉकेल किंवा डिझेल चोपडावें, तासभर मुरूं द्यावें, कोरडें पुसून काढावें, आणि वरून खडूची पूड स्पिरिटांत कालवून पातळ हात द्यावा. चिरेंत शिरलेलें तेल थोड्या वेळानें पांढऱ्यावर काळसर रेघ होऊन उमटतें. खर्च कांहींच नाहीं. ब्लॉक व हेड यांचे सपाट पृष्ठभाग आंचेनें किंचित् पिळवटतात. ते फिटरच्या सरळपट्टीनें तपासून घ्यावे, आणि पाण्याच्या वाटा दाबानें तपासून घ्याव्या. त्यांत उतरले तर ते ठेवावे.

वायरिंग, रबरी पाईप, ब्रेकच्या नळ्या, पट्टे यांविषयीं विचारहि करूं नये; ज्वाळा न लागतां नुसत्या आंचेनेंहि तारेवरचें वेष्टण कडक होऊन पुढें तडकतें, आणि तीच दुसऱ्या आगीची सुरुवात होते. टायरचेंहि तसेंच. जाळांतून निघालेला टायर बाहेरून धड दिसला तरी आंतून भाजलेला असूं शकतो, आणि हवा भरलेला असा टायर आग विझल्यावर कित्येक तासांनींहि फुटतो. त्याच्याजवळ पोरांस खेळूं देऊं नये. तुकड्यांच्या डिस्कची बसविलेली कडी मात्र विसरूं नये. ती स्प्रिंगच्या पोलादाची असते, आणि तिचें पाणी उतरलें असतां हवा भरतांना ती निसटून बसविणाऱ्याचा जीव घेऊं शकते.

एक धोका फारसा कोणास माहीत नाहीं, म्हणून त्यावर थोडें अधिक लिहितों. अलीकडील यंत्रांत कांहीं सीलें व पाईप फ्लोरिनयुक्त रबराचे असतात. हें रबर नेहमींच्या उष्णतेंत फार टिकाऊ, पण सुमारे ४०० अंशांच्या पलीकडे तापलें तर त्यापासून हायड्रोफ्लोरिक नांवाचें अत्यंत दाहक आम्ल निघतें. जळाल्यावर उरलेल्या काळ्या, चिकट राळेंत तें राहतें व कातडींतून आंत शिरतें. दुखणें कित्येक वेळां उशिरा सुरू होतें. कोणतें रबर कोणत्या जातीचें हें जळाल्यावर ओळखतां येत नाहीं. यास्तव जळालेल्या इंजिनांत उघड्या हातानें सीलें ओढून काढूं नयेत. जाड रबरी हातमोजे घालावे, आणि अशा जागा आधीं चुन्याच्या निवळीनें धुवाव्या. (सीलची परीक्षा वर सांगितली तीहि हातमोजे घालूनच करावी.) हाताला तें लागलेंच तर भरपूर पाण्यानें धुवून तडक दवाखान्यांत जावें आणि जळक्या रबराचें काम करीत होतों हें डॉक्टरांस सांगावें.

आग विझविण्यास लाल नळकांड्यांतील भुकटी मारली असेल तर ती लवकर धुवून काढावी, कारण ओल लागल्यावर ती धातूस खाते. आगीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत जितकें लोखंड गंजून जातें तितकें एरवीं वर्षांत जात नाहीं. ठेवावयाचें तें पुसून तेल चोपडून ठेवावें. पण हें सर्व विम्याच्या सर्व्हेअरनें पाहून गेल्यानंतर.

याच ठिकाणीं आमच्या जुन्या धंद्यांतील एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जळिताच्या पंचनाम्यांत "ट्रॅक्टर ट्रॉलीसह जळून खाक झाला, अंदाजे नुकसान अमुक" याहून अधिक मजकूर क्वचितच असतो. पंचांस सही करून घरीं जावयाचें असतें, लिहिणाऱ्यास दुसऱ्या गांवीं पोंचावयाचें असतें, आणि मालक शुद्धीवर नसतो. पण "खाक" या शब्दानें कोणाचेंच काम होत नाहीं. आग कोणत्या बाजूनें लागली, वारा कोणता होता, कोणतें चाक जळालें व कोणतें राहिलें, काय वितळलें, पाणी कोठें मारलें, हें दहा ओळींत लिहवून घ्यावें, आणि मोबाइलवर चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. तोच कागद विम्यासहि उपयोगी पडतो आणि भाग निवडतांना फिटरासहि. विम्याच्या रूढ नियमाप्रमाणें दुरुस्तीचा खर्च कागदांतील घोषित किंमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर जात असेल तर वाहन पूर्ण नष्ट धरलें जातें. मग उरलेल्या अवशेषांवर हक्क मालकाचा कीं कंपनीचा हें लेखी ठरवून घेतल्याशिवाय एक नटहि विकूं नये. तसेंच मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५५ प्रमाणें वाहन नष्ट झालें किंवा कायमचें निकामी झालें तर मालकानें १४ दिवसांच्या आंत अथवा होईल तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नोंदणीपत्र परत करावयाचें असतें. हें बहुतेक लोक करीत नाहींत. मग चेसवरील नंबराचा तुकडा कोठें तरी जातो, दुसऱ्याच्या चोरलेल्या ट्रॅक्टरवर बसतो, आणि एके दिवशीं पोलीस मूळ मालकाच्या दारीं येतात.

आमच्या मंडळास आमची एक सूचना आहे. मंडळाच्या कचेरींत जळित वाहनांची एक वही ठेवावी. सभासदाचें वाहन जळालें तर त्यानें तेथें येऊन कोणते भाग ठेवले, कोणते नवे घातले व कोणते कोणास विकले याची नोंद करावी. ट्रॅक्टर जुन्या बाजारांतून घेणारा सभासद सौद्यापूर्वीं वही चाळून पाहील. घेणाऱ्यास सांगून विकलेला जळका चॅनेल हा व्यवहार आहे. रंग देऊन न सांगतां विकलेला जळका एक्सल हा व्यवहार नव्हे, मग त्यास बाजारांत कांहींहि नांव असो. वहीस सक्ती नको, फी नको. एक कारकून आठवड्यांतून एक दिवस बसला तरी पुरे, आणि सेवानिवृत्त कारकून प्रत्येक मोठ्या गांवांत एखादा तरी सांपडतोच.

राहतां राहिला भंगारवाला. टाकून दिलेला एक्सल, हूक, ओढदांडी, स्टेअरिंगचे दांडे हे त्याच्या गाडींत सबंध चढविले तर ते भट्टीपर्यंत जातीलच असें नाहीं. वाटेंत कोणी तरी ते किलोच्या दरानें घेतो, घासतो, रंगवितो, आणि तेच दुसऱ्या तालुक्यांतील ट्रॉलीखालीं जाऊन बसतात. म्हणून असे भाग देण्यापूर्वीं गॅस-वेल्डिंगवाल्यास अंगणांत बोलावून प्रत्येकाचे आपल्या डोळ्यांदेखत दोन तुकडे करून घ्यावे. वजन तितकेंच भरतें, दरहि तोच मिळतो.